धुरीची खोली

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत माझ्या आईच्या धुरीला मोठा मान होता. कोणाकडे बाळंतीण घरी आली की दुसऱ्याच दिवशी त्या घरचं कोणीतरी वाटी घेऊन आमच्या दारात उभं राहायचं. बाळंतशेपा, ओवा, वावडिंग, लसणाची सालं, सावलीत वाळवलेला कडुनिंब, एवढं तर सगळ्यांच्याच घरी असायचं. आई त्यात संत्र्याची सालं घालायची. हिवाळाभर आम्ही संत्री खायचो आणि ती सालं गोळा करत आमच्या मागे मागे फिरायची. ती वाळवून बाकीच्या जिनसांबरोबर खलबत्त्यात जाडसर कुटायची. "पीठ झालं का भसकन जळते अन् नुसतं डोळ्यात जाते," असं तिचं म्हणणं. मग चिमूटभर तळहातावर घेऊन चोळायची, डोळे मिटून हुंगायची, आणखी काहीतरी घालायची, पुन्हा हुंगायची. आमच्या प्रगतिपुस्तकाकडेही तिने कधी इतकं मन लावून पाहिलं नसेल.

मलाही त्या धुरीचा अभिमान होता, कारण तोवर मी ती लांबूनच हुंगली होती.

सत्तरीच्या दशकाच्या शेवटाशेवटाची गोष्ट. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले, मुलगी झाली, आणि दवाखान्यातून घरी आणलं तो मे महिना. नागपूरचा मे ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळायचा नाही आणि ज्याने पाहिला त्याला सांगायची गरज नाही. घर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीच्या खिडकीत बाबांनी त्याच वर्षी कूलर बसवला होता. पत्र्याची भलीमोठी पेटी, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, त्यांवरून सतत झिरपणारं पाणी आणि आत घरघरणारा पंखा. दुपारी त्या खोलीत गेलं की वाटायचं आपण विहिरीच्या पायरीवर बसलोय. मागची खोली मला दिली होती.

बाळंतिणीला वारं लागता कामा नये, हा पहिला आणि शेवटचा कायदा. म्हणून मागच्या खोलीची खिडकी बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या. माझ्या डोक्याला आणि कानांना घट्ट बांधलेलं फडकं. बाजेखाली शेगडी, शेगडीत निखारे, निखाऱ्यांवर आईची सुप्रसिद्ध धुरी. प्यायला पाणी, तेही गरम. मधलं दार लोटलेलं असायचं, पण त्याच्याखाली एक फट होती. त्या फटीतून वाळ्याचा ओला वास यायचा. मी कूस बदलून, नाक त्या फटीच्या बाजूला करून पडून राहायचे.

"आई, दार थोडंसं उघडू का वं?" मी विचारायचे.

"उघड. अन् म्हातारपनी सांधे धरून बसजो, मंग मले शिव्या देजो."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आई वाईट असती तर सोपं होतं. सासूने हे केलं असतं तर निदान मनातल्या मनात दोन शिव्या हासडता आल्या असत्या. पण ही बाई पहाटे उठून माझ्यासाठी डिंकाचे लाडू वळत होती, माझे कपडे धुण्यापासून मुलीची दुपटी वाळवण्यापर्यंत सगळं एकटीने करत होती. नळ खालच्या चौकात. तिथून बादल्या आणून कूलरही तीच भरायची, आणि त्याच्यासमोर मात्र कधी टेकायची नाही. सबंध दिवस माझ्याबरोबर त्या भट्टीत. तिच्यावर चिडायचं तरी कोणत्या तोंडाने? पण मी चिडत होते. रोज, दिवसभर, आणि न बोलता.

त्या सगळ्यात एकच गोष्ट मला हवीहवीशी वाटायची, ती म्हणजे सकाळची मालिश. तिळाच्या तेलात ओवा आणि लसूण कडकवून, ते कोमट झालं की आई मला पाटावर बसवायची. तिचे अंगठे मणक्याच्या दोन्ही बाजूंनी मानेपासून कमरेपर्यंत उतरायचे, मग पोटऱ्या, मग पावलं, पावलांची एकेक बोटं. पोट तर माझं राहिलंच नव्हतं, सैल, परकं, रिकाम्या पिशवीसारखं लोंबणारं. तिचा तेलकट तळवा त्यावर गोल गोल फिरायला लागला की ते हळूहळू मला परत मिळायचं. माझ्या अंगाला ते फार आवडायचं. हे तेव्हा कोणाला सांगायची लाज वाटली असती, आता वाटत नाही. तेवढा वेळ मी कोणाची आई नव्हते, कोणाची बायको नव्हते, माझं एक अंग होतं आणि त्याला बरं वाटत होतं. मग अंगावर कढत पाणी, लगेच गुंडाळागुंडाळ आणि पुन्हा बाजेवर.

उरलेल्या वेळात मुलगी होती. आणि खरी गोष्ट ही की मला तिच्याबद्दल काहीच वाटत नव्हतं.

राग नव्हता, नकोशीही नव्हती. रडली की पाजायचे, ओली झाली की बदलायचे. पण कोणीतरी गाडीत शेजारी बसलेल्या बाईला म्हणावं, जरा धरता का हो, मी आलेच, तशी ती माझ्याकडे दिलेली होती. तिच्याकडे पाहत मी वाट बघायचे, हिची आई कधी येते याची. शेजारची काकू बाळाला बघायला आली तेव्हा म्हणाली, "टाळूचा वास घेतला का वं? तो वास घेतला का बाईमानूस कळाबिळा सगळं विसरते. माया अशी दाटून येते, का पुसू नको." काकू गेल्यावर मी मुलीला उचललं आणि टाळूला नाक लावलं. शेपा. ओवा. लसूण. वरून संत्र्याची सालं. माझ्या मुलीला माझ्या आईच्या धुरीचा वास येत होता, दुसरा कसलाही नाही. मी दिवसातून किती वेळा हुंगलं असेल कोण जाणे. प्रत्येक वेळी धुरी.

मग मी घाबरले. हे असंच राहिलं तर? वेळेवर जेवायला देणारी, वेण्या घालणारी आणि आतून कोरडी ठाक, अशी आई या पोरीच्या वाट्याला आली तर? तिला ते कळल्याशिवाय राहील का? त्या बंद खोलीत मला दुसरा विचारच नव्हता. सांगणार कोणाला? नवरा हिंगण्याला कारखान्यात होता, रविवारी यायचा. पुढच्या खोलीत कूलरसमोर बसायचा, आई मुलीला त्याच्याकडे नेऊन दाखवायची, मग तो दाराच्या फटीतून विचारायचा, "काही हवं आहे का?" काय सांगू, वारं हवं आहे म्हणून?

शेवटी एकदा आईला सांगितलंच. ती शेगडीतले निखारे सारखे करत होती. मी म्हटलं, "आई, मले हिच्याबद्दल काहीच वाटून नाई राहिलं वं."

तिने हातातला चिमटा खाली ठेवला. मग ती म्हणाली, "नजर लागली तुले." मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून शेगडीत टाकल्या, वर दुप्पट धुरी. मी आणि मुलगी दोघी ठसकून ठसकून अर्धमेल्या झालो. झोप येत नाही म्हटलं की धुरी. डोकं दुखतं म्हटलं की धुरी. धुराने जीव गुदमरतो असं सांगितलं असतं तर तिने त्यावरही धुरीच दिली असती. त्यानंतर मी तोंड मिटलं.

मग नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यांत तापणारे नऊ दिवस. रस्त्यावर दुपारी कुत्रंही दिसेनासं झालं. अशाच एका दुपारी बाबा ऑफिसात, कूलर पुढच्या खोलीत रिकाम्या सतरंजीवर वारा घालतोय, आणि आई माझ्या बाजेपाशी शेगडीसमोर उकिडवी बसलेली. सकाळपासून तिने चार घास नीट खाल्ले नव्हते. धुरीची चिमूट निखाऱ्यांवर सोडली आणि बसल्या जागी एका अंगावर कलंडली. मला आधी वाटलं काही शोधतेय. मग तिचा चेहरा दिसला. लालबुंद, आणि घामाचा एक थेंब नाही. हात लावला तर तव्यासारखी तापलेली.

मी बाजेवरून उतरले. बाळंतिणीने वजन उचलू नये, पण तिला काखेत हात घालून ओढलं, मधलं दार लाथेने उघडलं आणि फरफटत कूलरसमोर नेलं. लुगडं सैल केलं, पंचा भिजवून छातीवर टाकला, कांदा फोडून तळपायांना चोळला. काकूला हाका मारल्या, तर तिच्या दाराला कुलूप. फडताळात कैरीचं पन्हं होतं. आईने डोळे किलकिले केले तेव्हा ते चमच्याचमच्याने तिच्या तोंडात घातलं. दोन चमचे गिळल्यावर तिने माझ्याकडे नीट पाहिलं. पहिले शब्द काय निघाले असतील?

"कान बांध."

तेवढ्यात आत मुलगी रडायला लागली. बंद खोलीत, धुरात, एकटीच. मी धावत जाऊन तिला उचललं. तिला ठेवायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून आईच्या शेजारी, कूलरसमोरच्या सतरंजीवर ठेवली. बांधलेलं दुपटं सोडलं. वाळ्याचा गार वारा तिच्या अंगावरून गेला आणि ती गप्प झाली. एकदम. हातपाय ताणले, मुठी उघडल्या, तोंडाचा चंबू केला. इतके दिवस ही पोरगी गळा काढून रडायची आणि आम्ही तिला ओव्याचं पाणी पाजायचो, पोट शेकायचो, नजर काढायचो. तिला उकडत होतं. इतकंच! मला हसूही आलं आणि कसंतरीही झालं. त्या खोलीत मी एकटी कोंडलेली नव्हते. दुसरंही कोणी होतं आणि ते माझ्यापेक्षा मोठ्याने तक्रार करत होतं. तिची बाजू मला पहिल्यांदा कळली.

मी खाली वाकून तिच्या टाळूचा वास घेतला. धुरी होतीच, पण विरळ. तिच्याखाली काहीतरी होतं, दुधाचं, घामाचं, थोडं आंबूस. बरा वास होता. दाटून वगैरे काही आलं नाही.

"काय हुंगून राहिली वं?" आई पडल्या पडल्या म्हणाली.

आता काय लपवायचं? मी सांगून टाकलं. "काकू म्हणे वास घेतला का माया येते. मले नाई येऊन राहिली, आई. भेव वाटते मले."

मी वाट पाहत होते, आता ही उठते आणि शेगडी मागते. ती उठली नाही. कूलरच्या पात्यांकडे बघत पडून राहिली.

"मले बी नव्हती आली," ती म्हणाली.

"कोनाची?" मी वेड्यासारखं विचारलं.

"तुही."

कूलर घरघरत होता. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट आतून काहीतरी सैल पडलं, सकाळच्या मालिशीत पडायचं तसं.

"कोनाले सांगतलं का मंग तू?"

"मायले सांगतलं होतं. तिनं धुरी वाढवली." तिने ओठ ओले केले. मी आणखी एक चमचा पन्हं पाजलं. "मंग कोनाले सांगतलं नाई. तुही मालिश केली, तुले धुरी देल्ली, काजळ घातलं. कोनी म्हनू नये का मायनं काही केलं नाई. हात करत गेले. मन काही येऊन नाई राहिलं."

"कधी आलं मंग?"

आई विचार करू लागली. तोंडदेखलं काही सांगायची तिला सवयच नव्हती.

"तू चालाले लागली होती. अंगनात पडली एक डाव, गुडघा फुटला. रडत उठली, अन् मी समोर बसून असताना माह्याकडं नाई आली. शेजारच्या काकूकडं गेली." तिने छातीवरचा पंचा सारखा केला. "तेवा."

मी रडले. त्या महिन्यात मी पुष्कळदा रडले होते, पण ते माझ्यासाठी. हे रडू तिच्यासाठी होतं, अंगणात बसून राहिलेल्या त्या बाईसाठी. मला तो गुडघा आठवत नाही, काकूकडे गेलेलंही आठवत नाही. तिला आठवत होतं.

आमच्या दोघींच्या मध्ये मुलगी कुरकुरली. दुधाची वेळ झाली असेल, नाहीतर पाठीखाली सतरंजीची गाठ आली असेल. आई सवयीने हात टेकून उठायला लागली.

"तू पडून राह्य," मी म्हटलं. "मी घेते."