दुसऱ्या वेळची नक्षी

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या एका चर्चमध्ये लंचटाइमला बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय संगीताची कॉन्सर्ट होती. शेजारी एक इंग्रज आजी हातमोज्यातल्या बोटांनी गुडघ्यावर ताल धरून बसल्या होत्या. व्हायोलिनवालीनं तीच ओळ दुसऱ्यांदा वाजवताना अशी काही हरकत घेतली, की माझ्या तोंडून मोठ्यानं "क्या बात है!" निघून गेलं. सगळं चर्च वळून बघायला लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजी माझ्याकडे झुकून कुजबुजल्या, "ते कागदावर नव्हतं. बरोकमध्ये दुसऱ्या वेळची नक्षी वाजवणाऱ्यानं स्वतःच घालायची असते. कुणाला तरी कळलं म्हणायचं! काय म्हणालात तुम्ही?"

माझा जीव भांड्यात पडला. मी त्यांच्या कानात ते शब्द पुन्हा सांगितले.

पुढच्या हरकतीला मी ओठ घट्ट मिटून बसलो. आजींनीच खणखणीत आवाजात दाद दिली, "क्या बाट है!"