आबांनी तपासलेलं प्रथिन

माझ्या आजोबांनी, आबांनी, जन्मभर चळवळीच्या पत्रकांतल्या छपाईच्या चुका तपासल्या. त्या पत्रकांवरच मी वाचायला शिकले. छापील कागद दिसला की आबांचा हात लाल पेन्सिलीकडं जायचा. कोल्हापुरात एम.एस्सी. करताना, सेमिनारच्या आदल्या संध्याकाळी घरी आले, तर दोन प्रथिनांच्या अक्षरांच्या ओळी एकाखाली एक छापलेली माझी एकुलती एक प्रिंट लाल खुणांनी भरलेली.

"दोन वळींचा मेळच न्हाई. छापणाऱ्यानं घाण केलीया की!"

"आबा, वरची ओळ विषाणूच्या प्रथिनाची हाय, खालची बुरशीच्या. एकेक अक्षर म्हंजे प्रथिनाचा एकेक घटक, ती येगळी असणारच की!" मी ओरडले.

त्यांचा चेहरा उतरला. "मग आता उद्या गं?" ते खोडरबरानं खुणा पुसू लागले आणि मध्येच थांबले. "ह्यो मधला तुकडा मातर दोन्हीकडं बराच जुळतोय."

"तोच डीएनएला धरतो, आबा."

"मग त्यो बदलून कसं चालंल? पकडच सुटंल की!"

हेच कारण मांडायला मी तीन पानं खर्ची घातली होती. मी त्यांच्या हातातलं खोडरबर काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी वर्गात तोच लाल कागद दाखवला आणि खुणा कुणाच्या, तेही मोठ्यानं सांगितलं.