सुईच्या तपासणीनंतरचे बारा दिवस

पांढुर्ण्याच्या तहसील कचेरीसमोर बसून मी चौतीस वर्षे लोकांचे अर्ज लिहिले. ते काम सोडले तरी पत्रे सुटली नाहीत. बंद पथदिव्यावर, चुकीच्या फेरफारावर, कशावरही मी लिहितो आणि उत्तर आले नाही तर स्मरणपत्र पाठवतो. त्यामुळे पत्नीच्या डाव्या स्तनातल्या गाठीचे निदान लांबले, तेव्हा माझ्या संतापाला पहिली वाट कागदाचीच मिळाली.

सौंसरच्या एका डॉक्टरांकडे मीच तिला नेले होते. त्यांनी विचारले, "गाठ कधीपासून आहे?"

"पंधरा दिवस," मी म्हणालो.

"घरात कुणाला असा आजार?"

"कुणालाही नाही."

डॉक्टरांनी दोन्ही उत्तरे लिहून घेतली, हात न लावताच गोळ्या दिल्या आणि महिन्याने बोलावले. महिन्याने गाठ होती तशीच होती. मी चार पानी तक्रार लिहिली. तपासणीशिवाय औषध देणे हा निष्काळजीपणा कसा ठरतो, ते मुद्देसूद मांडले. पाकिटावर तिकीट लावले आणि ते टपालात टाकण्याआधी तिला घेऊन नागपूर गाठले.

तिथल्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी तिला पहिला प्रश्न विचारला आणि मी उत्तराला तोंड उघडले.

"काका, तुम्ही बाहेर बसा. मला काकूंशी बोलायचं आहे."

पडद्याबाहेरच्या बाकावर मला सगळे ऐकू येत होते.

"कधीपासून आहे, काकू?"

"संत्र्याचा तोडा सुरू होता तवापासून जी. सात-आठ महिने झाले असन."

"घरात कुणाला झालं होतं?"

"माह्या मावशीले. त्याच्यातच गेली ते."

"काकांना सांगितलं नाहीत?"

"ह्यायले सांगतलं असतं त लगेच कागद घेऊन बसले असते. मले कागद नव्हता पाह्यजे बाई. जवळ कोणी बसाले पाह्यजे होतं."

ज्याला जे स्वतः ठाऊक आहे तेवढेच अर्जात लिहावे, असे मी आयुष्यभर लोकांना बजावत आलो. आणि तिच्या शरीराविषयी दोन खोटी विधाने मीच ठामपणे नोंदवून आलो होतो.

बाईंनी दोन्ही स्तन आणि काखा हाताने तपासल्या. मग मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, आणि शेवटी जागा बधिर करून जाड सुईने गाठीचे बारीक तुकडे काढले. बाई म्हणाल्या, "हाताला लागतं, फोटोत दिसतं, पण कॅन्सर आहे की नाही हे तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच ठरेल. बारा दिवस लागतील."

परतीच्या गाडीत पत्नी म्हणाली, "फोटो काढाले इतकं दाबतेत का जी? मले त वाटलं रसवंतीतच टाकलं."

मला हसू आले नाही. मी विचारले, "सौंसरला बोलली का नाहीस?"

"तुमी बोलून राहिले होते ना. तुमच्या मधात कोन बोलन?"

घरी आल्यावर मी ते पाकीट फाडले. डॉक्टरांनी हात लावायला हवा होता, हे मी आजही म्हणतो. पण ती तक्रार करण्याचा अधिकार तिचा होता.

त्यानंतरच्या बारा दिवसांत मी एकही पत्र लिहिले नाही. सकाळी ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलायला बसे आणि मी शेजारी. ती बोरगावच्या माहेराविषयी बोले. लहानपणी पेटीत गवत अंथरून संत्री भरताना मावशी हिच्या तोंडात एक फोड कोंबायची आणि मुकादमाकडे भोळेपणाने पाहायची. त्याच मावशीची शेवटची कूस हिने बदलली होती, आणि म्हणून स्वतःची गाठ हाताला लागली त्या दिवशी ती संत्र्याच्या झाडाखालीच बसून राहिली होती. चाळीस वर्षांच्या संसारात हे मला ठाऊक नव्हते. मी मध्येच "कोणत्या साली?" असे विचारले की ती म्हणे, "झाली सुरू उलटतपासनी!" आणि शेंग माझ्या अंगावर टाके. मग मी ती शेंग सोलायला घेई. ती पुढे बोले.

लोक म्हणतात, अहवालाची वाट पाहण्याचे दिवस सर्वांत वाईट. माझे तसे नाही. ती जाऊन आता वर्ष होत आले. मला तेच बारा दिवस परत हवे आहेत, आणि ते मागण्यासाठी अर्ज कुठे करायचा हे मला माहीत नाही.

तेराव्या दिवशी सकाळी फोन वाजला. प्रयोगशाळेतला माणूस म्हणाला, "रिपोर्ट तयार आहे, घेऊन जा." विलंबाबद्दल अनेक कचेऱ्यांना मी धारेवर धरले आहे. त्या दिवशी मात्र, "आणखी दोन दिवस लावा ना," हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. मागून ती ओरडली, "कोनाचा फोन होय जी?"

मी फोन तिच्या हाती दिला.