पुतळाची दुसरी हळद

नेरूळ गावात ठाकुरांच्या ओटीवर पुतळा दुपारची बसायची, तेव्हा बघणाऱ्याला वाटावं, बाई आत्ताच लांबून कुठून तरी चालत आली आहे. पाय पसरलेले, पाठ भिंतीला, डोळे उघडे पण कशावरच नाहीत. खरं तर ती कुठंच गेलेली नसायची. गेला होता नवरा. दमली होती ही.

नवरा गोटीराम ठाकूर आधी मिठागरावर कामाला. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, मिठागरं एकामागून एक बंद पडायला लागली, तसा तो ओळखीनं बोटीवर खलाशी म्हणून लागला. नोकरभरतीच्या वेळी कुणी विचारलं, कुठला? हा म्हणाला, नेरूळचा. लिहिणाऱ्यानं गोटीराम नेरूळकर असं लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली. गोटीरामनं ते दुरुस्त करून घेतलं नाही. काम मिळत होतं. आडनावावरून कोण भांडत बसतो? काही वर्षांनी तो अमेरिकेतल्या एका बंदरात उतरला आणि तिथंच गोदीत कामाला राहिला. तिकडचे कायमचे कागद झाले, तेही नेरूळकर म्हणूनच.

मधे एकदाच महिनाभर येऊन गेला होता. मूलबाळ नाही. बाया नळावर विचारायच्या, तर पुतळा म्हणायची, "पोर व्हाला घरवाला घरान लागतंय. पोस्टान नाय येत." बाया हसायच्या. ती नाही हसायची. हंडा डोक्यावर घेऊन निघायची.

त्र्याऐंशी साली गोटीरामनं बायकोला तिकडं न्यायचं ठरवलं. तिकडच्या वकिलानं अर्ज भरला. नवरा नेरूळकर तर बायको नेरूळकर, असं धरून त्यानं पुतळा नेरूळकर लिहून टाकलं आणि अर्ज पुढं गेला. इथं तर तिची सगळी ओळख पुतळा गोटीराम ठाकूर. रेशनकार्ड तेच, मतदारयादीत तेच. पासपोर्ट अजून काढायचा होता.

ठाकुरांनी घरामागं चार खोल्या बांधून भाड्यानं दिल्या होत्या. त्यातल्या एकीत नंदकुमार राहायचा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत कारकून, मूळचा चिपळूणकडचा. कुणाचा कागद हातात आला की त्याच्या अंगात शक्ती यायची.

"वहिनी, काळजी करू नका," तो म्हणाला. "अर्ज बदलायला गेलो तर वर्ष जाईल. त्यापेक्षा आपण तुम्हालाच बदलू."

पुतळा म्हणाली, "एकदा बदललीय की. लग्नान."

"आता सरकारी बदलू."

मग सुरू झालं. ठाण्याला प्रतिज्ञापत्र. चर्नी रोडच्या सरकारी छापखान्यात राजपत्रासाठी अर्ज. रेशनच्या कचेरीत, तिथून तहसीलला, तहसीलवरून परत रेशनच्या कचेरीत. नेरूळला तेव्हा रेल्वे नव्हती. खाडीपुलावरून जाणारी बस धरायची, मानखुर्दला उतरायचं, पुढं काय मिळेल ते. पुतळा भाकर आणि सुकट फडक्यात बांधून न्यायची. एकदा एका बाकावर तिनं फडकं सोडलं, तर सुकटीच्या वासानं शेजारची बाई उठून गेली. "बरा झाला," पुतळा नंदकुमारला म्हणाली, "आता पाय पसरून बसतंय."

सगळीकडं एकच प्रश्न विचारायचे. कारण काय? नंदकुमार पुढं व्हायचा आणि मिठागरापासून अमेरिकेपर्यंत सगळं सांगायचा. ती नुसती ऐकायची. आपलीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली, की पुढं पुढं ती तिला कुणा भलत्याच बाईची वाटायला लागली.

कागद अडला तो घरातच. गोटीराम ठाकूर आणि गोटीराम नेरूळकर हा एकच माणूस, माझाच मुलगा, असं त्याच्या आईनं अंगठा लावून सांगायला हवं होतं. म्हातारी बयाबाई ऐकायला तयार नाही.

"नेरूलकर कोन?" ती म्हणाली. "आपले घरान कोन नेरूलकर हाय? मी ठाकुराला पोर दिला. नेरूलकराला नाय दिला."

"अहो आजी, नावापुरतं आहे," नंदकुमार म्हणाला.

"नावापुरता? मंग तुझे बायकोचा बदल. लाव माझा ठाकूर."

नंदकुमारचं लग्न व्हायचं होतं, तरी तो लाल झाला.

म्हातारी आडमुठी नव्हती. तिची भीती वेगळी होती. बाईचं आडनाव लग्नात एकदाच बदलतं, ते बदललं की मरेपर्यंत. दुसऱ्यांदा बदलतं ते पाट लावल्यावर. पहिला दादला मेला किंवा टाकून गेला, बाई दुसऱ्याच्या घरात नांदायला गेली, तरच. राजपत्रात नाव आलं आणि कुणीतरी ते गावात वाचून दाखवलं, तेव्हा लोकांनी त्याचा हाच अर्थ लावला. ठाकुरांची पुतळा नेरूळकराच्या घरात गेली. आता हा नेरूळकर कोण, एवढंच शोधायचं राहिलं.

नळावर गोजरा म्हणाली, "नवा दादला कवा दाखवतंस गो?"

"जुनाच दिसत नाय," पुतळा म्हणाली. "नवा कुठून दाखवू?"

शेवटी बयाबाई उठली आणि भागीरथीकडं गेली. भागीरथी धवलारीण, धवले म्हणजे लग्नाची गाणी म्हणून लग्न लावणारी. गावातली लग्नं तिच्या धवल्यांशिवाय लागत नसत. भटजी येवो न येवो, धवलारीण हवीच. पुतळाचं लग्नही तिनंच लावलं होतं. तिनं सगळं ऐकलं, पान लावलं, खाल्लं आणि म्हणाली, "नाव कागदाव बदलत नाय. नाव मांडवान बदलतंय. हलद लाव, मी धवला बोलतंय, त्याच घोवाचे नावानी परत नाव घेऊ दे. मंग तो पाट नाय, तीच सून, तोच घरवाला. तोंडां बंद."

"आन घोव कुठाय?" बयाबाई म्हणाली.

"नाय तर नाय. त्याची टोपी ठेव ताटान. धाकट्यानी ताट धरावा."

म्हातारीला हे पटलं. नंदकुमारला अंगठ्याशी मतलब. पुतळाला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तरी ती म्हणाली असती, करा काय करायचा तो.

धाकटा म्हणजे शिवा, गोटीरामचा भाऊ, तिशीतला, अजून बिनलग्नाचा. कंपनीत माल चढवायचा. त्याला दुपारपाळी सोडून यावं लागलं म्हणून तो चिडलेला. "वयनी, तुझे लग्नान पयल्यांदा पोटभर जेवलेलो," तो म्हणाला. "आता काय हाय जेवाला?"

"वरन भात."

"मंग लवकर आटप."

अंगणात चार बांबूंचा मांडव घातला. पुतळाला हिरवं लुगडं नेसवलं. तिशी उलटलेल्या अंगाला हळद लावताना बाया आधी हसत होत्या, मग भागीरथीनं धवला सुरू केला आणि गप्प झाल्या. भागीरथीचा आवाज फाटला होता. मधेच थांबून श्वास घ्यायची. शिवानं ताट धरलं. ताटात गोटीरामची जुनी टोपी, नारळ, तांदूळ. पुतळानं तांदळात बोट फिरवलं, नवं आडनाव उच्चारलं. बयाबाईनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "आता ठाकुराची नेरूलकर." मग आत जाऊन नंदकुमारच्या कागदावर अंगठा लावून आली.

वाशीच्या नव्या सेक्टरातला एक फोटोवाला शिवाच्या ओळखीचा होता. त्यानं एक फोटो काढला. छातीपासून वर, पुतळा आणि शिवा दोघांचा.

राजपत्र झालंच होतं, आता रेशनकार्ड झालं, पासपोर्ट झाला. पुढं वकिलातीत मुलाखत. सोबत न्यायच्या गोष्टींत लग्नाचा फोटो होता. खऱ्या लग्नाचा फोटो काढलेलाच नव्हता. त्या वर्षी गावात कॅमेरा घेऊन कोण आला असता? नंदकुमारनं मांडवातला फोटो बघितला, उलटा करून बघितला.

"यात ताट दिसत नाही," तो म्हणाला.

"आमी सगल्यांनी बघितलाय की," बयाबाई म्हणाली.

तो जरा घुटमळला. पण तारीख तोंडावर आली होती, आणि मांडव, हळद, नवरी असं दिसणारं दुसरं काही घरात नव्हतं. त्यानं फोटो फाईलला लावला.

वकिलातीत काचेपलीकडं एक गोरा साहेब आणि त्याच्या बाजूला मराठी बोलणारी एक दुभाषी बाई. साहेबानं बरंच विचारलं. घरात खोल्या किती, सासू काय करते, नवरा शेवटचा कधी आला. पुतळानं सगळं सांगितलं. मग त्यानं फोटो काचेला टेकवला.

"हे कोण?" बाईनं विचारलं.

"मी."

"आणि हे?"

"शिवा. दीर माझा."

"नवरा कुठं आहे?"

"अमेरिकेला."

"मग लग्न कुणाशी लागतंय इथं?"

"घरवाल्याशी."

दुभाषी बाईनं ते सांगितलं. साहेबानं भुवया वर केल्या. पुतळा म्हणाली, "त्याची टोपी हाय खाली. दीर टोपीचा ताट धरून हाय. तुमाला नाव बदलून पायजे होता ना? आमच्यान नाव असाच बदलतान."

बाईनं हेही सांगितलं असावं, थोडक्यात. साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्यानं मान हलवली, बराच वेळ लिहिलं आणि चौकशी होईपर्यंत थांबायला सांगितलं. फोटो त्यानं ठेवून घेतला.

बाहेर येताना नंदकुमारचं तोंड उतरलं होतं. "माझीच चूक, वहिनी."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "बस कुठशी धरायची?"

चौकशी तिकडं गेली. गोटीरामला तिकडच्या कचेरीत बोलावलं. त्यानं पत्र पाठवलं, अमुक रविवारी फोनवर बोलायचं आहे. नंदकुमारच्या कंपनीच्या हापिसात फोन होता. रविवारी तिथं वॉचमनशिवाय कुणी नसायचं. नंदकुमारनं त्याला सांगून ठेवलं आणि सासू-सुनेला घेऊन गेला. दोघींना खुर्च्या दिल्या, घंटी वाजल्यावर फोन उचलून पुतळाच्या हातात दिला आणि स्वतः वॉचमनजवळ चहाला गेला. भला माणूस.

"हालो? पुतला?"

"मी."

"बरी हायस?"

"हाय. तू?"

तिचाच आवाज थोड्या वेळानं तिच्या कानात परत येत होता. ती थांबून थांबून बोलायला लागली.

"मना हापिसान बोलावला होता," गोटीराम म्हणाला. "फोटो दाखवला. शिवा कशाला उभा हाय तुझे बाजूला?"

"आयनी उभा केला. तुझी टोपी होती ताटान."

"टोपी फोटोन नाय."

"फोटोन नाय. मांडवान होती."

मग तो म्हणाला, "गाव काय बोलतंय?"

"गाव काय बोलतंय ता तू मना इचारतंस?"

"पुतला, मना खरा सांग. मी नाय रागवाचा. इतकी वरसां झाली, मानूस हाय. खरा काय ता सांग."

पुतळानं रिसीव्हर एका कानाचा काढून दुसऱ्या कानाला लावला. बयाबाई समोरून हातानं विचारत होती, काय म्हणतोय, काय म्हणतोय.

"खरा सांगू?" पुतळा म्हणाली. "मी दमलंय."

"म्हंजे काय?"

"म्हंजे दमलंय. तुझे नावासाठी सगले हापिसांनी बसलंय. हलद लावून घेतलीय म्हातारपनी. साहेबानी इचारला, तो परका, त्याला काय म्हाईत? तू कवापासून मना परक्यासारका बघाला लागलास?"

"तसा नाय गो. आयक. मी वकिलाला इचारलाय. पंचांचा एक कागद कर. शिवाचा न तुझा काय नाय, असा लिवून चार मानसांच्या सह्या घे. शिवाची पन घे. मंग इथं काय अडचन नाय."

तिनं फोनची वायर बोटाला गुंडाळली. तिकडं तो हालो, हालो करत होता. प्रत्येक हालो दोनदा ऐकू येत होतं.

"तुझे साठी कागद, का साहेबासाठी?" तिनं विचारलं.

"दोगांसाठी," तो म्हणाला. खोटं बोलायची अक्कल त्याला आधीपासूनच नव्हती.

पुतळानं रिसीव्हर जागेवर ठेवला. हळू ठेवला, दुसऱ्याची वस्तू असते तसा.

"काय बोलला गो?" बयाबाईनं विचारलं.

"लाईन तुटली."

"मना बोलाचा होता. परत लावल तो. बस जरा."

दोघी बसल्या. पंखा बंद होता, टेबलांवर खोळी घातलेली टंकयंत्रं होती. बाहेर वॉचमन कशावर तरी हसत होता. थोड्या वेळानं फोन वाजला.

"वाजतंय गो," म्हातारी म्हणाली.

"आपला नसंल. हापिसचा असंल."

"रविवारी?"

पुतळा उठली. सासूच्या काखेत हात घालून तिला खुर्चीवरून उठवलं, तिचा पदर सारखा केला, चप्पल पायाशी सरकवली. फोन वाजत होता. दारातून बाहेर आल्यावरही ऐकू येत होता. नंदकुमार चहाचा कप घेऊन उभा राहिला, त्याला ती म्हणाली, "भाऊ, झाला आमचा. चहा प्या तुमी सावकाश."

रस्त्यावर ऊन होतं. नव्या इमारतींची खडी पडलेली, त्यातून म्हातारीला धरून चालवायचं. बसथांब्यापाशी पोचेपर्यंत बयाबाईला दम लागला. ती दगडावर बसली आणि तिनं सुनेकडं नीट बघितलं. इतक्या वर्षांत कदाचित पहिल्यांदाच.

"मंग जावाचा कवा?" तिनं विचारलं.

"कुठं?"

"अमेरिकेला."

"नाय जावाचा."

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं, दगडावर थोडं सरकून जागा केली. "बस," ती म्हणाली, "बसला टाईम हाय."