बिननारळाचे माड

मी चौथी पास. तीसुद्धा मास्तरांनी ढकलला म्हणून. पुढचं आयुष्य दुसऱ्यांच्या माडांवर चढण्यात गेलं. नारळ काढणाऱ्याला आमच्याकडे पाडेली म्हणतात. पायात दोरीचा फास, कमरेला कोयता, आणि वर गेल्यावर कुठला नारळ तयार आणि कुठल्यात नुसतं पाणी हे बोटानं वाजवून ओळखायचं. चाळीस वर्षांत एकदाही पडलो नाही. इथे अमेरिकेत, अल्फारेटात लोक विचारतात, "काका, गावाला बागायत होती का?" मी होती म्हणतो. कोणाची, ते कोणी विचारत नाही.

मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे. त्याच्याकडे येऊन आम्हा दोघांना सात वर्षं झाली. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना मुलं एका घराच्या बेसमेंटमध्ये सोडतात आणि दोन तासांनी घेऊन जातात. तिथे चहा, बटाटेवडे, कोणाची तरी गाणी. आणि कोणी कुठे फिरून आलं की भिंतीवर फोटो लावून त्या देशाची माहिती सांगतं.

त्या शनिवारी पुण्याचे एक रिटायर्ड इंजिनियर एका बेटाची माहिती सांगणार होते. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणतो. बेटाचं नाव मला धड म्हणता येत नाही, म्हणून बेटच म्हणतो. एवढंसं बेट, पण तो स्वतंत्र देश. साहेब आणि त्यांची बायको नाताळात तिथे जाऊन आले होते आणि आता पाच जोडप्यांचा ग्रुप करून पुन्हा जायचं त्यांनी काढलं होतं. नावं द्यायचा तो शेवटचा दिवस. चार जोडपी झाली होती. पाचवं आम्ही, असं माझ्या बायकोनं मनात ठरवलं होतं.

तिला जायचं होतं यात काही चूक नाही. तिचं माहेर खाडीकाठचं, समुद्र दारात. पण समुद्रात तिनं पाय घातला तो नारळाची सोडणं कुजवायला नाहीतर तिसऱ्यांचे शिंपले काढायला. हौस म्हणून कधीच नाही. आठ दिवस ती सुनेला विचारत होती की साडीवर पाण्यात उतरलं तर तिथे चालतं का.

मला मात्र पहिल्यापासून लबाडीचा वास येत होता. एवढा शिकलेला माणूस, एकदा पाहिलेल्या ठिकाणी महिन्या-दोन महिन्यांत परत कशाला जाईल? आणि आम्हाला इतक्या आग्रहानं कशाला नेईल? साहेब कधी कोणाला स्वतःच्या गाडीतून घरीसुद्धा सोडत नाहीत.

साहेबांनी दिवे मालवले आणि सुरुवात केली. टेबलावर त्यांनी एक गुळगुळीत पुस्तक ठेवलं होतं, बेटाच्या सरकारनं पाहुण्यांसाठी छापलेलं. मला इंग्रजी येत नाही, पण चित्रं कळतात. मी ते आधीच चाळून ठेवलं होतं.

साहेब म्हणाले, तिथे बारा महिने उन्हाळा. पाऊस येतो पण लगेच जातो. मी मनात म्हटलं, पावसाला कोणी सांगितलं पाहुणे आलेत म्हणून? साहेब म्हणाले, वादळं होतात पण ठरलेल्या महिन्यांतच. गाड्या आपल्यासारख्या डावीकडून. क्रिकेटचं वेड. चपातीत बटाट्याची नाहीतर मटणाची भाजी गुंडाळून रस्त्यावर विकतात, कारण जुन्या काळी ऊस तोडायला आपल्याकडची माणसं जहाजातून नेली होती. ती माणसं कशी गेली, कोणी फसवून नेली, त्यातली परत किती आली, यावर एक शब्द नाही. लगेच पुढचा फोटो. निळं पाणी.

"आणि लोक इतके हसतमुख," साहेब म्हणाले, "की विचारू नका."

मी विचारलं नाही. पण हसतमुख लोक म्हणजे चाकरीतले लोक, एवढं मला कळतं. बागेच्या मालकाचे पाहुणे आले की मीही हसतमुख असायचो.

मग माडांचे फोटो सुरू झाले. एकामागून एक. बायका वा वा करत होत्या. मी खुर्ची पुढे ओढली. बायकोनं माझ्या कोपराला चिमटा काढला. माझी पाठ ताठ झाली की पुढे काय होतं ते तिला माहीत आहे.

"गप ऱ्हवा," ती हळूच म्हणाली.

दिवे लागले. साहेबांनी विचारलं, "कोणाला काही प्रश्न?"

"साहेब," मी म्हणालो, "शहाळी प्यालात?"

"हो तर. रोज. तिथे शहाळ्यांना काय तोटा. समोर झाडावरून काढून देतात."

"कोणत्या झाडावरून?"

"म्हणजे? नारळाच्या, काका." सगळे हसले. मीही हसलो.

"तुम्ही वीसेक माड दाखवलेत. एकावरही नारळ नाही. हॉटेलवाले कोवळे असतानाच फुलोऱ्यासकट छाटून टाकतात, खाली झोपलेल्या गोऱ्याच्या टाळक्यात पडू नये म्हणून. तेव्हा हे सगळे एकाच हॉटेलातले माड. आणि खाली उभ्या माणसाला झावळांचं पोट दिसतं. तुमच्या फोटोत झावळांची पाठ दिसते. म्हणजे फोटो वरून काढलेत. मी पण माड वरून बघितलेत साहेब, पण मी चढून गेलो होतो. तुम्ही कुठे उभे होता?"

मी थांबायला हवं होतं. पण माझी जीभ एकदा सुटली की सुटली.

"बाजाराचा फोटो, उसाचा फोटो, चपातीवालीचा फोटो, हे तिन्ही त्या पुस्तकात आहेत. मी पाहिलेत. साहेब, तुम्ही बेटावर उतरलात तरी का?"

नागपूरचे एक गृहस्थ होते, चौथ्या जोडप्यातले. ते म्हणाले, "अहो काका, कोर्टात उभं केलं तुम्ही." कोणी हसलं नाही.

उत्तर साहेबांच्या बायकोनं दिलं. ती कधी फारशी बोलत नाही. "पहिल्याच दिवशी मी बाथरूममध्ये घसरले. पाय सुजला. पाच दिवस खोलीत पडून होते. तिसरा मजला. यांना म्हटलं, तुम्ही जा, बघून या. गेले नाहीत. गॅलरीत उभे राहून फोटो काढत बसले."

"मी खोटं काही सांगितलं नाही," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पुस्तकात जे आहे तेच सांगितलं."

"आणि शहाळं?" मी म्हणालो.

"रूम सर्व्हिसनं आणलं. ग्लासात."

नागपूरच्या गृहस्थांनी विचारलं, "मग साहेब, आम्हाला नेऊन तुम्ही दाखवणार काय?"

"मलाच बघायचंय हो," साहेब म्हणाले. "मुलगी म्हणते, आता दोघंच कुठे जायचं नाही. सोबत असेल तर जा. सोबत मिळावी म्हणून सांगत होतो."

इतके दिवस मी याच्या पोटात काय आहे ते शोधत होतो. त्यात लबाडी होती, पण मी समजत होतो ती नव्हती. माझं खरं ठरलं होतं, आणि बेसमेंटमध्ये एकही माणूस माझ्याकडे बघायला तयार नव्हता.

नागपूरच्या जोडप्यानं आपलं नाव काढलं. सून बाळंत होणार आहे म्हणाले. आठ दिवसांपूर्वी होणार नव्हती का? पण या वेळी मी तोंड उघडलं नाही. उरली तीन जोडपी. मी बायकोकडे पाहिलं. तिनं पदर खोचला, उठली आणि साहेबांच्या बायकोपुढचा नावांचा कागद ओढून घेतला. तिला सही येते, तेवढंच येतं. एकेक अक्षर थांबून थांबून लिहिते.

पेन माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "तुमचा तुम्ही लिवा. नायतर ऱ्हवा घराक. मी जातलंय."

मी पेनाला हात लावला नाही. चारचौघांत बायकोनं सांगितलेलं ऐकायची मला सवय नाही.

गाडीत मुलानं विचारलं, "कसा झाला प्रोग्रॅम?"

"बरा झाला," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनी माड मोजले."

"म्हणजे?"

"विचार त्यांना."

त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं नाही. शहाणा आहे.

रविवारी ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढलं, पण ताटात आमटी ओतताना माझ्याकडे बघितलं नाही. मी विचार करत बसलो. तिसरा मजला. ओली फरशी. तिच्या गुडघ्यात दोन वर्षांपासून दुखतंय. जिना उतरताना ती भिंत धरते आणि मी बघितलं की हात काढून घेते. साहेबांसारखा माणूस खोल्या ठरवणार, तर पुन्हा समुद्र दिसतो म्हणून वरचीच घेणार. त्याला काय कळतं? आणि ही एकटी गेली तर तिला पाण्यातून बाहेर काढताना हात कोण देणार? तिथला तो हसतमुख माणूस?

सोमवारी सकाळी मी सुनेला साहेबांचा नंबर लावायला सांगितला.

"कोण?" साहेबांनी विचारलं. मी कोण ते सांगितलं. फोन ठेवतील असं मला वाटलं.

"खोल्या तळमजल्यावर मागायच्या," मी म्हणालो. "तुमची पण. न्हाणीघरात धरायला दांडा आहे का ते विचारायचं. पायरी असेल तर नको म्हणायचं. आणि हॉटेलवाले देतात त्या कागदावर विश्वास ठेवायचा नाही, फोन करून त्यांच्या तोंडून ऐकायचं."

"पण आता नावंच पुरेशी नाहीत काका. आणि तुम्ही तर..."

"जेवढे आहोत तेवढे जाऊ."

मग साहेब सावकाश म्हणाले, "म्हणजे तुम्ही येताय?"

बायको सिंकपाशी भांडी विसळत होती. तिनं नळ बंद केला, पण वळून पाहिलं नाही.

"कागद घेऊन या इकडे," मी म्हणालो. "सही मी माझ्या घरात करीन."