ताईच्या लग्नासाठी लाल पालवी

आधीच सांगते, शुद्धलेखन चुकलं असेल तर सांभाळून घ्या. मोबाईलवर एका बोटाने टाइप करते, एक ओळ होईपर्यंत चहा गार होतो. शाळा नववीतच सुटली, त्यामुळे एवढं मोठं लिहायची सवय पण नाही. पण तिकडचे रंग बघून आले तेव्हापासून वाटतंय, कुणाला तरी सांगायलाच पाहिजे.

तर झालं असं. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी देवक बसवतात. त्याला पाच झाडांच्या डहाळ्या लागतात, वड, पिंपळ, उंबर, आंबा आणि जांभूळ. पनवेलच्या बाजारात तयार जुडी मिळते, दोन मिनिटांचं काम. पण ताई म्हणाली, "मला आपल्या गावच्या देवळाजवळचीच पाहिजे. आत्याच्या लग्नात तिथलीच होती." पाठवलं मला आणि बंट्यादादाला. बंट्यादादा म्हणजे आत्याचा मुलगा, स्कूटर त्याची, गप्पा पण त्याच्याच. मी मागे बसून फक्त हं हं करते.

सकाळी उजाडल्याबरोबर निघा, हा माझा पहिला सल्ला. नंतर पळस्पे फाट्यावर कंटेनरच्या रांगा लागतात आणि एप्रिलचं ऊन डोक्यात जातं. फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागल्यावर एका टपरीवर वडापाव खाल्ला. चटणी जपून खा. दोघांचं चहासकट शंभरच्या आत झालं. पुढे डाव्या-उजव्या हाताला डोंगर दिसायला लागतात, आणि सगळं सुकलेलं असताना मधेच एखादं झाड लालभडक. मला वाटलं फुलं आहेत. दादा म्हणाला, "पानं हायत ती. कोशिंबाची."

मग आतल्या रस्त्याला वळलो. खड्डे आहेत, घट्ट धरून बसा.

देवळाजवळची जुनी झाडं रस्ता रुंद करताना गेली. गावाने त्यांच्या जागी नवीन लावलीत, आत्ता कुठे माझ्या डोक्याच्या थोडी वर पोचलीत. आणि काय सांगू, शेंड्याला एक पण हिरवं नव्हतं! आंब्याची पानं कोकम सरबताच्या रंगाची, मऊ, खाली लोंबणारी. पिंपळ घासलेल्या तांब्यासारखा, ऊन पडलं की आरपार दिसतं. जांभूळ गुलाबी. वडाच्या टोकाला लाल चोच. फक्त उंबर शिस्तीत पोपटी.

दादा घाबरलाच. देवळाच्या पायरीवर एक काकी वाल सोलत बसल्या होत्या, त्यांना म्हणाला, "काकी, झाडांवर काय औषध मारलंय का? रोग पडलाय वाटतं."

"रोग तुला पडला असंल," काकी म्हणाल्या. "दरसाल अशीच व्हतात. पंधरा दिस थांब, हिरवी व्हतील."

"लगीन उद्या हाय."

"मग लालच ने! नवरीच्या आधी नटून बसलीत."

मी खालून एक फांदी वाकवून बघितली. बुडाला मागच्या वर्षीची हिरवी जाड पानं, मध्ये अर्धी पिवळट, टोकाला लाल. म्हणजे पानं लालच येतात आणि मग हिरवी होतात. मोठ्या झाडांची कोवळी पानं उंच असतात, आपण मान वर करून बघतच नाही. इथे सगळं डोळ्यासमोर.

दादाने कापल्या डहाळ्या, पण येताना पनवेलच्या बाजारात थांबून हिरवी जुडी पण घेतली. "आई मला मांडवातच उभा सोलेल," म्हणाला. मला नको म्हणायचं होतं. हेल्मेटमधून ऐकू येत नाही, आणि हेल्मेट नसतं तरी मी बोलले नसते.

घर पाहुण्यांनी भरलेलं. आत्याने आमची पिशवी उघडली आणि ओरडली, "अगं बाय, ही काय करपलेली पानं आणलीस? देवकाला अशी लावतात?" आणि हात सरळ हिरव्या जुडीकडे. ताई दारात मेंदीचे हात वर धरून उभी. तिचा चेहरा उतरला. उद्या ती जाणार होती, आणि एवढी एकच गोष्ट तिने मागितली होती.

मी म्हणाले, "आत्या, करपलेली नाहीत. कोवळी आहेत." आवाज इतका बारीक आला की शेजारची मावशी म्हणाली, "काय म्हणते ही?" मग मोठ्याने म्हणाले, "तुझं लग्न दिवाळीनंतर झालं. तेव्हा पानं जून झालेली होती. ही तिथलीच आहेत. ताईला तिथलीच पाहिजेत."

आत्याने आंब्याचं एक पान दोन बोटांत धरून चोळलं, वास घेतला.

"बरं, हीच बांधा," ती म्हणाली. "पण जो कोण विचारील त्याला तू सांगायचं. मी नाय तोंड देणार."

आणि विचारलं हो, सगळ्यांनी विचारलं. शेजारच्यांनी, आचाऱ्याने, फोटोवाल्याने. पहिल्या दोघांना मी जमिनीकडे बघून सांगितलं. नवऱ्याकडचे एक काका म्हणाले, "प्लॅस्टिकची आहेत का?" तेव्हा त्यांना हात धरून जवळ नेऊन दाखवलं. शेवटी शेवटी तर कुणी विचारलं नाही तरी सांगत होते. ताई लांबून बघून हसत होती.

जायचं असेल तर पाडव्याच्या आसपास जा. उशीर केलात तर झाडं हिरवी झालेली असतील आणि तुम्ही म्हणाल ही मुलगी थापा मारते. मी आता रस्त्याने चालताना प्रत्येक लहान झाडाचं टोक बघते. ताई सासरी गेली, घर जरा मोठं वाटतं. पण परवा दुकानात मी स्वतःहून बोलले, आई बघतच राहिली.

थांबा, समोरच्या चिकनवाल्याचा कोंबडा पळून आमच्या जिन्यात आलाय, तिसऱ्या मजल्यावर, आणि कुणाला वर येऊ देत नाहीये.