वनितावहिनींनी पाठीवर घेतलेलं ओझं

आमच्या वनितावहिनी अंडंसुद्धा खात नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर त्यांनी एका शिकाऱ्याची बाजू घेतली म्हटलं की लोकांचा भलताच गैरसमज होतो. मी त्यांचा सख्खा दीर, मिलिंद. त्यामुळे मी त्यांचं कौतुकच करणार. करू द्या की!

वहिनी मूळच्या नागपूरच्या, वय अठ्ठावन्न. कॅनडात कॅल्गरीला एका ऑइल कंपनीत पाइपलाइनचे नकाशे तपासतात, आणि गेली अकरा वर्षं दर शनिवारी आमच्या मराठी मंडळींना डोंगरावर नेतात. शहरापासून दीड तासावर सरकारी जमीन आहे, सगळ्यांना मोकळी. तिथं आम्ही चालतो आणि मोसमात तिथंच शिकारही चालते. दोघांनाही परवानगी, पण ओळखदेख काही नाही.

माथ्यावर पोचलं की आमची एक रीत होती. सगळ्यांनी मिळून 'हर हर महादेव' अशी आरोळी ठोकायची. सह्याद्रीतली सवय, कॅनडात आलो म्हणून सुटते होय? सुरुवात करायचा मान माझा. आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत आला की माझी छाती फुगायची.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मी अशीच दणदणीत आरोळी दिली. थोड्या वेळानं खालच्या झाडीतून नारिंगी जाकीट घातलेला एक म्हातारा गुडघा धरत वर आला. त्याचं नाव वॉल्टर. एल्कच्या, म्हणजे इथल्या त्या घोड्याएवढ्या हरणांच्या कळपावर तो पहाटेपासून नजर लावून बसला होता. माझी आरोळी ऐकून अख्खा कळप खोऱ्यापार पळाला होता. तिथल्या एल्कचा परवाना सोडत काढून देतात, आणि त्याचा नंबर नऊ वर्षांनी लागला होता. हिवाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन, त्यामुळे ही त्याची शेवटची शिकार. आठवडाभर तो शाळेची बस चालवायचा, रविवारी नर्सिंग होममध्ये बायकोजवळ बसायचा. त्याच्या हातात आता दोनच शनिवार उरले होते, असं तो सांगत होता.

माफी मागायचं सोडून मी त्याच्यावरच उखडलो. "जमीन सगळ्यांची आहे," म्हणालो.

"मीही तेच म्हणतोय," तो म्हणाला आणि लंगडत खाली उतरला.

घरी येऊन मी तिरीमिरीत अर्ज लिहिला, की या वाटेवर शिकार बंद करा. दोन दिवसांत ऐंशी सह्या गोळा केल्या. सर्वांत वर वहिनींसाठी जागा ठेवली होती. त्यांच्या बेसमेंटमध्ये मंडळी जमली. वहिनींनी अर्ज शांतपणे वाचला.

"मिलिंद, तू चिकन कुठून आणतोस?"

"ग्रोसरीतून."

"तो डोंगरावरून आणतो. त्यासाठी नऊ वर्षं थांबतो. आपण त्याच्या पुढ्यातलं ताट ओढलं आणि वर तक्रारही आपणच करायची?"

"पण वहिनी, महादेवाचं नाव घ्यायलाही बंदी?"

"का रे, महादेवाला ऐकू कमी येतं?"

वहिनींनी अर्ज उलटा केला, पेन्सिल घेतली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर डोंगराचा नकाशा काढला. पश्चिमेचा उतार वॉल्टरचा. आम्ही दहानंतर निघायचं, पूर्वेच्या धारेनं जायचं, शिकाऱ्यांना लांबून दिसावं म्हणून नारिंगी जाकिटं घालायची आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. माझ्या ऐंशी सह्या खालच्या अंगाला गेल्या.

पुढच्या शनिवारी त्या उजाडायच्या आत पार्किंगमध्ये थर्मास घेऊन उभ्या राहिल्या. वॉल्टर आला तेव्हा त्याला चहा दिला, नकाशा दाखवला आणि माझ्या वतीनं माफी मागितली. तिथल्या पाटीच्या खांबाला एक स्टीलचा डबाही बांधला. आत कागद-पेन्सिल, कोण कुठल्या बाजूला गेलंय ते लिहायला. डबा मूळचा चिवड्याचा, त्यामुळे अस्वल यायला नको म्हणून तीनदा धुतलेला.

त्या दिवशी वॉल्टरला काहीच मिळालं नाही. आमच्यातले निम्मे लोक मात्र कुरकुरले, की ही काय मौनव्रताची सहल? मीही कुरकुरलो, खोटं कशाला सांगू.

शेवटच्या शनिवारी बर्फ पडलेलं होतं. आम्ही चौदा जण मुक्यानं चालत होतो. अकराच्या सुमारास पश्चिमेकडून एकच बार ऐकू आला. सगळे जागच्या जागी थांबले. वहिनींनी डोळे मिटून हात जोडले. त्या प्राण्यासाठी की वॉल्टरसाठी, ते मी विचारलं नाही.

दुपारी खाली आलो तर वॉल्टर त्याच्या पिकअपच्या मागच्या फळीवर बसलेला, गुडघा दोन्ही हातांनी दाबून. मागे कापडात गुंडाळलेला मांसाचा एक भाग. बाकीचा एल्क अजून वरच होता. "एवढा मोठा प्राणी," तो म्हणाला, "अजून सहा फेऱ्या. मला एकही जमणार नाही." मांस वाया जाणार म्हणून तो पुन्हापुन्हा वर डोंगराकडे बघत होता.

वहिनींनी आपली बॅग उघडली. डबा, पाणी, स्वेटर सगळं पिकअपमध्ये काढून ठेवलं आणि रिकामी बॅग पाठीला लावली.

"वहिनी, तुम्ही राहू द्या, आम्ही आणतो," मी म्हणालो.

"खायचं नाही म्हणाले होते. उचलायचं नाही असं कधी म्हणाले?"

चौदाच्या चौदा जण वर गेलो. कापडातलं मांस बॅगांत भरून, दोन तासांत सगळा एल्क खाली आणला. ज्या बाईच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही, ती पाठीवर ते ओझं घेऊन बर्फातून पुढं चालत होती आणि कुठं पाय घसरेल ते मागच्यांना सांगत होती. ही आमची वहिनी आहे, असं मला तेव्हा सगळ्या कॅनडाला सांगावंसं वाटलं.

सामान चढवून झाल्यावर वॉल्टरनं टोपी काढली. माझ्याकडे बघून म्हणाला, "आता दे की ती तुमची आरोळी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वहिनींकडे हात केला, आज सुरुवातीचा मान त्यांचा. मग वहिनींनीच पहिल्यांदा आरोळी दिली, आणि आमच्याबरोबर वॉल्टरही ओरडला.